अंग आंबतं, पण आम्लामुळे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत थकव्यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा सवयीने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दोन वाक्यांखाली रेघ ओढली. पहिले असे की श्रमानंतर स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठते आणि त्याच्या विषारी परिणामाने अंग दुखते. दुसरे असे की साठीनंतर स्नायूंची झीज भरून येत नाही, म्हणून थकवा जाणवताच थांबावे आणि पूर्ण विश्रांती घ्यावी. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण दुसऱ्या वाक्यातल्या सल्ल्याने चालती-फिरती माणसे अंथरुणाला खिळताना मी एकोणतीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून पाहिली, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात पाहिली. पत्र लांबले आहे, कारण हा विषय दोन ओळींच्या दुरुस्तीत मावणारा नाही.

लॅक्टिक ॲसिडपासून सुरुवात करते, कारण नोकरीच्या पहिल्या आठ-नऊ वर्षांत मीही पेशंटना तेच सांगत असे. कुणी म्हणाले, ‘ताई, कालच्या व्यायामाने अंग आंबून गेलंय,’ की माझे उत्तर ठरलेले : लॅक्टिक ॲसिड साठलंय, दोन दिवसांत निघून जाईल. आपल्या भाषेनेच जणू साक्ष दिलेली. अंग आंबतं, आंबट म्हणजे आम्ल, आणि लॅक्टिक आम्ल तर १७८० साली कार्ल शेले यांना पहिल्यांदा सापडले ते आंबलेल्या दुधातच. इतके चपखल जुळते की शंका घ्यावीशी वाटत नाही.

या समजुतीचा उगम मोठ्या प्रयोगशाळांतला आहे. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर काम करून दाखवले की ऑक्सिजनशिवाय राबवलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल वाढत जाते आणि ऑक्सिजन मिळाला की ते ओसरते. स्नायूंच्या याच हिशेबावर पुढे काम करणारे आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल मिळाले. थकलेल्या स्नायूत आम्ल सापडते, तेव्हा थकवा आम्लानेच येतो, असा अर्थ लोकांनी काढला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

फांदी कावळ्याने तुटली नव्हती, हे कळायला फार वर्षे लागली नाहीत. १९३० साली डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूंना आयोडोॲसिटेट हे रसायन दिले. त्याने ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनण्याची वाटच बंद होते. तरीही ते स्नायू आकुंचन पावत राहिले, थकले आणि शेवटी ताठरले, तेही लॅक्टिक आम्ल तयार न होता. मग १९५१ साली लंडनमध्ये ब्रायन मॅकआर्डल यांनी एका तिशीच्या रुग्णाची नोंद केली. थोड्या श्रमाने त्याचे स्नायू दुखत आणि आखडत, पण श्रमानंतर त्याच्या रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतच नव्हते. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूत साठवलेली साखर; ती मोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, या माणसांच्या स्नायूंत नसते, हे नंतर उलगडले. म्हणजे ज्यांच्या स्नायूंत हे आम्ल जवळपास होतच नाही, तेच इतरांपेक्षा लवकर थकतात. आठ-दहा मिनिटे सावकाश चालत राहिले की त्यांना दुसरा दम मिळतो, कारण तोवर रक्तातून ग्लुकोज आणि मेदाम्ले स्नायूंपर्यंत पोहोचू लागतात. यावरून एवढे तर दिसते की त्यांचा थकवा पुरवठ्याच्या तुटीतून येतो.

तो हिशेब थोडक्यात सांगते. स्नायूचे प्रत्येक आकुंचन एटीपी नावाच्या रेणूवर चालते, आणि जोराच्या श्रमात स्नायूतला साठा पुरतो अवघे दोन-तीन सेकंद. त्यामुळे तो सतत भरावा लागतो. आधी क्रिएटिन फॉस्फेट या स्नायूतल्या राखीव साठ्यातून, जो आणखी दहाएक सेकंद तारून नेतो. मग ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय घाईने मोडून, आणि लांबच्या पल्ल्याला पेशीतल्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) ऑक्सिजनच्या साह्याने ग्लुकोज व मेद जाळून. खर्च भरण्यापेक्षा वेगाने होऊ लागला की क्रिएटिन फॉस्फेट मोडून उरलेले सुटे फॉस्फेट साचत जाते. आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांची एकमेकांवरची पकड ते ढिली करते. तंतूच्या आत कॅल्शियमची कोठारे असतात, त्यांत शिरून ते कॅल्शियमलाही अडकवते. मग मेंदूचा हुकूम आला तरी कोठारातून कॅल्शियम पुरेसे सुटत नाही आणि आकुंचन दुबळे होते. शिवाय पोटॅशियम तंतूच्या बाहेर झिरपते आणि विजेचा संदेश मंदावतो.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की एवढे होऊनही स्नायू एटीपी पूर्ण संपू देत नाही. संपले तर काय होते हे आपल्याला माहीत आहे : मृत्यूनंतर शरीर ताठरते ते एटीपी संपल्यामुळेच. लुंड्सगार्ड यांच्या बेडकांचे स्नायू शेवटी तसेच ताठरले होते. थकवा त्या टोकाच्या कितीतरी अलीकडे येतो. स्नायू वेळेवर हात आखडता घेतो, आणि पाय भरून येतात ते या काटकसरीने. त्यात काही मोडलेले नसते, काही सडलेले नसते. आणि लॅक्टिक आम्ल म्हणाल, तर ते वाया गेलेला कचरा नव्हे. हृदय ते इंधन म्हणून जाळते, सावकाश काम करणारे स्नायुतंतू जाळतात, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. श्रम थांबल्यावर तासाभरात ते बहुतांश निघून जाते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा आळ त्याच्यावर कसा घालणार?

ते दुखणे वेगळ्या जातीचे आहे. जिना चढताना धाप जास्त लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्याने. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि त्याच्या तंतूंत सूक्ष्म फाटाफूट होते. मग सूज येते, साफसफाई होते, डागडुजी होते. अंग आंबणे म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. थकवा काही मिनिटांत किंवा तासांत उतरतो, अंग आंबले तर तीन-चार दिवस लागतात. पेशंट दोन्हींना एकच नाव देतो आणि आपणही दिले, की सगळा सल्ला चुकतो.

एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. १९६६ साली स्वीडनमध्ये बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमान हे दोन संशोधक एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकेकच पाय वापरून पेडल मारले, पूर्ण दमेपर्यंत. मग दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचा कण काढून तपासला. राबलेल्या पायातले ग्लायकोजेन संपत आले होते, आराम केलेल्या पायातले जसेच्या तसे होते. पुढचे तीन दिवस त्यांनी पिष्टमय पदार्थांनी भरपूर असा आहार घेतला, तेव्हा राबलेल्या पायातला साठा आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. रक्त तेच, आहार तोच, माणूस तोच. फरक इतकाच की एक पाय थकला होता. थकलेल्यालाच जास्त मिळाले.

आता दुसऱ्या वाक्याकडे येते, ज्याने मला पत्र लिहायला बसवले.

साठीनंतर झीज भरून येत नाही, हे खरे नाही. भरून काढणाऱ्या पेशी प्रत्येकाच्या स्नायूत असतात. १९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मौरो बेडकाचा स्नायुतंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तंतूचे पटल आणि त्यावरचे बाहेरचे आवरण यांच्या फटीत त्यांना चपट्या, इवल्याशा पेशी चिकटून बसलेल्या दिसल्या. केंद्रकच जास्त, बाकी अंग नावापुरते. तंतूच्या कडेने राहतात म्हणून त्यांना सॅटेलाइट पेशी म्हटले गेले. याच स्नायूच्या मूलपेशी. स्नायुतंतू ही शेकडो केंद्रके असलेली लांबलचक पेशी असते, पण त्यातले एकही केंद्रक स्वतः दुभंगू शकत नाही. फाटलेल्या तंतूला नवी केंद्रके हवी असतील तर ती या शेजारणींकडूनच येतात. त्या जाग्या होतात, दुभंगतात. काही तंतूत मिसळून जातात आणि काही परत आपल्या जागी जाऊन निजतात, पुढच्या वेळेसाठी. २०११ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांतल्या नेमक्या याच पेशी काढून टाकून पाहिल्या. इजा झालेला स्नायू पुन्हा उभा राहिलाच नाही.

या पेशींची झोप आणि जाग पेशीच्या चयापचयाशी बांधलेली आहे. निजलेली पेशी वात बारीक केलेल्या कंदिलासारखी असते. तंतुकणिका थोड्या, खर्च जेमतेम, आणि तोही बराचसा मेदाम्ले सावकाश जाळून भागवलेला. ही काटकसर किती टोकाची असू शकते? २०१२ साली पॅरिसच्या संशोधकांनी माणसाच्या मृत्यूनंतर १७ दिवसांनी काढलेल्या स्नायूंतून जिवंत मूलपेशी मिळवल्या. ऑक्सिजन नाही, रक्त नाही, आणि त्या तग धरून होत्या, पुन्हा स्नायू घडवण्याची क्षमता राखून. हे पहिल्यांदा वाचले त्या दिवशी मी कामावर जाताना माझ्या प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटचा विचार करत होते.

जाग आली की इंधनाचा रिवाजच बदलतो. पेशी ग्लुकोजकडे वळते आणि ते घाईने, अर्धेमुर्धेच जाळते. वरवर पाहता ही उधळपट्टी आहे, कारण एका ग्लुकोजमागे एटीपी फार कमी हाती लागते. पण दुभंगायला निघालेल्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल हवा असतो. नवा डीएनए, नवी पटले, नवी प्रथिने. अर्धवट मोडलेल्या ग्लुकोजचे तुकडे त्या बांधकामाला लागतात. आणखी एक गोष्ट २०१५ साली उंदरांच्या पेशींवर दाखवली गेली. हा बदल होताना पेशीतले एनएडी नावाचे सहविकर, म्हणजे विकरांना मदत करणारे रसायन, कमी होते. झोपेत स्नायूची जनुके गुंडाळून ठेवणारे सर्टुइन-१ हे विकर त्याच एनएडीवर चालते. एनएडी कमी झाले की सर्टुइनची पकड सुटते आणि जनुके उघडतात. म्हणजे चयापचय हे पेशीचे केवळ स्वयंपाकघर नाही. पेशीने झोपायचे की कामाला लागायचे, यातही त्याचा शब्द चालतो.

आणि जागे करतो कोण? ताण. स्नायू ताणला गेला, त्याने जोर लावला, की तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. त्याने आवरणात अडकून पडलेला एचजीएफ हा वाढ-घटक सुटतो आणि सॅटेलाइट पेशीला हाक जाते. २०१४ साली उंदरांत असेही दिसले की एका पायाला इजा झाली तर दुसऱ्या, धडधाकट पायातल्या मूलपेशीही सावध होतात. दुभंगत नाहीत, पण आकाराने थोड्या वाढतात, त्यांच्या तंतुकणिका वाढतात, आणि गरज पडली तर त्या इतरांपेक्षा लवकर कामाला लागतात. अंथरुणात सरळ पडलेल्या पायात अशी हाक कुठून जाणार?

वयाने या पेशींत फरक पडतो हे मी नाकारत नाही. त्यांची संख्या घटते, विशेषतः जोराचे, झटपट काम करणाऱ्या तंतूंच्या भोवती. पेशीच्या आतली केरवारे काढण्याची व्यवस्था मंदावते, मोडक्या तंतुकणिका साचतात आणि काही पेशी कायमच्या थिजतात. २०१६ साली बार्सिलोनाच्या गटाने हे उंदरांत दाखवले, आणि ती साफसफाई पुन्हा सुरू केल्यावर म्हाताऱ्या पेशी पुन्हा कामाला लागल्या हेही दाखवले. त्याआधी २००५ साली स्टॅनफर्डमध्ये म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले होते. म्हाताऱ्या उंदराच्या स्वतःच्याच मूलपेशी तरुण रक्ताच्या सान्निध्यात नीट डागडुजी करू लागल्या. याचा अर्थ माणसाला कुणाचे रक्त चढवावे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की पेशी होत्या, परिस्थिती बरी नव्हती.

आता माझ्या सासूबाईंचे सांगते. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ८४व्या वर्षी, त्यांना न्यूमोनिया झाला. रुग्णालयात त्या गेल्या तेव्हा कठड्याला धरून का होईना, चालत गेल्या होत्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी ऑक्सिजनची नळी निघाली. तरीही अकराव्या दिवसापर्यंत त्या पलंगावरच होत्या, दोन्ही बाजूंचे कठडे वर केलेले. मी रोज विचारायचे, खुर्चीत बसवू का? रोज उत्तर यायचे, वय बघा त्यांचं, थकतील. औषधोपचार उत्तम झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरी आणले ते स्ट्रेचरवरून. न्यूमोनियाने घेतली नव्हती तेवढी ताकद त्या विश्रांतीने घेतली होती.

हा नुसता माझा समज नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या बारा निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. आजार काहीही नाही, फक्त पडून राहायचे. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले मेदविरहित वजन सरासरी जवळजवळ एक किलो घटले. निरोगी माणसांचे हे, तर तापातून उठलेल्या ८४ वर्षांच्या बाईचे काय झाले असेल?

घरी पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायला त्यांना चार मिनिटे जमले. खुर्चीतून हात न टेकता उठणे एकदाही नाही. मी एक वही केली. त्यात रोज दोन आकडे : किती वेळा उठल्या आणि मध्ये किती विसावा लागला. आधी उंच केलेल्या पलंगावरून, माझे दोन्ही हात धरून. मग एक हात. मग नुसती खुर्ची. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘अगं, पाय भरून आले, आता आत काहीतरी मोडेल माझं.’ मी म्हटले, ‘आई, काही मोडत नाही. खर्च झालाय, तो भरून यायला दोन मिनिटं लागतील. बसा, परत उठू.’ दोन मिनिटे मोजली. त्या उठल्या. क्रिएटिन फॉस्फेट बऱ्यापैकी भरून यायला दोन-तीन मिनिटे पुरतात. हे त्यांना सांगायची गरज नव्हती, दोन मिनिटांनी पाय पुन्हा उचलला गेला एवढे त्यांनी स्वतः अनुभवले. त्यांची भीती गेली ती तेव्हा.

तीन आठवड्यांनी अर्ध्या मिनिटात तीन वेळा, दहाव्या आठवड्यात आठ वेळा. मध्ये चार दिवस सर्दीत गेले, तेव्हा आकडा सहावरून चारावर आला. ती नोंदही वहीत आहे. त्या चार दिवसांनी मला जास्त शिकवले, कारण थकवा का वाढत जातो हे त्यात उघड दिसते. स्नायू कमी झाला की उठायचे तेच काम उरलेल्या तंतूंना वाटून घ्यावे लागते, म्हणजे प्रत्येकावर बोजा वाढतो. अंथरुणातल्या दिवसांत तंतुकणिकांची ताकदही घटलेली असते. म्हणून पूर्वी सहज व्हायचे ते काम आता स्नायूला त्याच्या कुवतीच्या टोकापर्यंत नेते आणि फॉस्फेट लवकर साचते. माणूस लवकर थकतो, थकला म्हणून पडून राहतो, पडून राहिला म्हणून आणखी झिजतो. या रहाटगाडग्याला आपण ‘वय झालं’ म्हणतो.

ते थांबवता येते याचा पुरावा जुना आहे. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, सरासरी वय ९० वर्षे, आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम दिला गेला. हलका नव्हे, त्यांना एकदा जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या निम्म्यापासून सुरू करून ८० टक्क्यांपर्यंत. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले. मांडीच्या स्नायूचा आकार मात्र सुमारे ९ टक्केच वाढला होता. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतली बरीचशी ताकद मज्जासंस्था स्नायूंना नीट हाकू लागल्याने येते, सगळे श्रेय मूलपेशींना देणे चुकीचे ठरेल. पण त्यांचाही वाटा आहे. पुढे बारा आठवड्यांच्या व्यायामानंतर वृद्धांच्या झटपट काम करणाऱ्या तंतूंभोवती सॅटेलाइट पेशींची संख्या वाढलेली मोजली गेली आहे.

या संशोधनाचा धागा पकडून विकल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दलही बोलायला हवे, कारण माझ्याकडे पेशंट बाटल्या घेऊन येतात. एनएडी वाढवणाऱ्या गोळ्यांचा पाया २०१६ सालच्या उंदरांवरच्या प्रयोगात आहे. तिथे म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूच्या मूलपेशी खरोखर सुधारल्या होत्या. माणसाच्या स्नायूंत त्या तोडीची सुधारणा दाखवता आलेली नाही. गोळी हाताशी आहे म्हणून खुर्चीतून उठणे टाळले, तर पैसेही गेले आणि आठवडेही. दुसरे उपासाचे. उपासाने पेशी शुद्ध होतात, असे मला अनेक जण सांगतात. २०२२ साली उंदरांत दिसले ते असे : उपासाने या मूलपेशी अधिक गाढ झोपतात. त्या जास्त चिवट होतात हे खरे, पण इजेनंतरची डागडुजी त्याने लांबते. ऑपरेशननंतर किंवा मोठ्या तापानंतर स्नायू बांधायचा असतो, तेव्हा उपासाची वेळ नसते. त्या दिवसांत पोटभर अन्न आणि पुरेशी प्रथिने हवीत, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

थकव्याला घाबरू नका म्हणताना, कशाला घाबरायचे तेही सांगितले पाहिजे. श्रमानंतर लघवी गडद तांबूस-काळपट झाली, छातीत दडपण आले, एकच पोटरी सुजून गरम झाली, किंवा काही न करताही दिवसेंदिवस थकवा वाढत चालला, तर थांबा आणि तपासून घ्या. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, काही औषधे, हृदयाचा आजार, सगळे थकव्याच्या वेषात येतात. पण उठबशीने पाय भरून आले आणि दोन-तीन मिनिटांत हलके झाले, तर तो आजार नाही.

संपादक महोदय, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढच्या पुरवणीत त्या दोन वाक्यांची दुरुस्ती छापावी, तीही लेख होता तितक्याच ठळक जागी. कारण लेख कापून दारामागे चिकटवून ठेवणारे वाचक तुमचे आहेत, आणि त्यांत पंचाहत्तरीचे बरेच आहेत. दुसरे, त्याच चौकटीत घरी करता येणारी एक चाचणी द्यावी. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली सरळ खुर्ची, दोन्ही हात छातीवर घडी घातलेले, आणि ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा होते ते मोजायचे. शेजारी कुणीतरी उभे असावे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईला १२ पेक्षा कमी आणि त्याच वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी जमले, तर पायांची ताकद सरासरीखाली समजतात. ऐंशी ते चौऱ्याऐंशीला हेच आकडे ९ आणि १० आहेत. उठताना हात टेकावा लागला तर शून्य धरायचे. शून्य आले तरी तिथूनच सुरुवात करायची, आमच्या घरी तशीच झाली. सासूबाई आता ८६ वर्षांच्या आहेत आणि मागच्या मंगळवारचा त्यांचा आकडा दहा आहे.

दुरुस्तीचा मजकूर छापण्याआधी कुणाकडून तपासून हवा असेल तर मी तो आनंदाने पाहून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट